तुमच्याकडे राहून गेलेलं पुस्तक

माणगंगा (4 जुलै 2024, रात्री 10.40)

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. आई आता माझ्याकडे पुण्यात असते, म्हणून गेल्या आठवड्यात आटपाडीचं घर आवरायला घेतलं. भांडीकुंडी, गाद्या यांचा निकाल दोन दिवसांत लागला. बाबांच्या शाळेच्या वह्यांची दोन पोती तशीच गाडीत टाकून आणली. पुस्तकांच्या कपाटापाशी मात्र चार दिवस मोडले, कारण प्रत्येक पुस्तक उघडून बसत होते.

सगळ्यात खालच्या फळीवर, मागच्या रांगेत 'बनगरवाडी' सापडलं. वरून कॅलेंडरच्या पानाचं कव्हर. ते काढलं तर आत वाचनालयाचं जाड कापडी बाइंडिंग, कण्यावर पांढऱ्या शाईत नंबर, पहिल्या पानावर गोल शिक्का. शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी. तिच्यावरची शेवटची परतीची तारीख 14 जून 1986.

म्हणजे बाबांनी पुस्तक परत केलंच नाही. बाबांनी! रस्त्यात सापडलेलं आठ आण्याचं नाणं मला देवळाच्या पेटीत टाकायला लावणारा माणूस.

माडगूळ आमच्या तालुक्यातलंच गाव, त्यामुळे 'बनगरवाडी' लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर आमच्याकडे घरातल्यासारखेच. शिवाय बाबाही मास्तर. त्यांची पहिली नेमणूक अशाच एका वाडीवर झालेली, जिथे पोरांपेक्षा मेंढरं जास्त. पुस्तकातला तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर चालत जातो ते प्रकरण बाबा आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायचे. ते याच प्रतीतून हे मला आता कळतंय.

प्रश्न दोन. एक, पुस्तक परत करायला जाऊ का? वाचनालय अजून चालू आहे. दोन, तुमच्याकडेही असं कुणाचं राहून गेलेलं पुस्तक असेलच. कबुलीजबाब द्या, म्हणजे मला एकटीला चोराच्या घरातली वाटणार नाही.

उगाच_आपलं (10.52)

चिठ्ठीवर दंडाचा दर छापलाय का?

माणगंगा (10.55)

"मुदतीनंतर रोज 5 पैसे."

उगाच_आपलं (11.03)

आजपर्यंत बरोबर 13,900 दिवस. दंड 695 रुपये. लीप वर्षांचे दहा दिवस धरलेत, उगाच कमी भरू नका.

आठ_चौदाची_लोकल (11.20)

माझी केस जास्त गंभीर आहे. ऑफिसातल्या मित्राकडून 'तुंबाडचे खोत' वाचायला घेतलं होतं. दोन खंड, त्यामुळे त्याची अट अशी की पहिला परत दिलास की दुसरा मिळेल. हुशार माणूस. पहिला खंड मी डोंबिवली ते दादर उभ्यानं वाचला. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातात खोत. पेंडशांच्या त्या जगबुडी नदीकाठी मी इतका गुंतलो होतो की एकदा दादरऐवजी थेट भायखळ्याला उतरलो. पहिला परत केला, दुसरा घेतला आणि आठवड्याभरात मित्रानं नोकरी सोडली. हे 2003 मधलं.

आता त्याच्याकडे पहिला खंड, माझ्याकडे दुसरा. दोघांकडे अर्धा-अर्धा खोत. मी मुद्दाम नवा पहिला खंड विकत घेत नाही. घेतला तर प्रकरण संपलं असं होईल.

वऱ्हाडी_ठेचा (11.41)

भाऊ, त्याले फोन लाव नं! एकवीस वर्षं काय करून राहिला?

माझं सांगतो. नागपूरच्या हॉस्टेलात एक 'कोसला' होती. ती कोणाचीच नव्हती. पहिल्या पानावर सात नावं, सहा खोडलेली, सातवं माझं. कोर्स संपला तेव्हा आठवा कोणी भेटला नाही म्हणून ती माझ्या पेटीतून घरी आली. 1963 चं पुस्तक, आम्ही वाचलं तीस वर्षांनी, तरी सहा महिने आख्खी विंग 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' लावल्याशिवाय बोलत नव्हती. मेसवाल्या काकूंनी एकदा विचारलंन की पोरांहो, हे उदाहरणार्थ वरण म्हणजे कोणतं वरण?

दर पावसाळ्यात वाचतो. पण नायकाची धाकटी बहीण मनी जाते ती पानं आली की पुस्तक पालथं घालतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढून सुरू करतो. ती पानं मी एकदाच वाचली आहेत.

परतीचा_शिक्का (5 जुलै, सकाळी 7.15)

मी तालुक्याच्या एका 'ब' वर्ग वाचनालयात अठ्ठावीस वर्षं काम करतोय, म्हणून थोडं आतलं सांगतो.

माणगंगा ताई, कण्यावरचा नंबर हा बहुधा वर्गांक असेल. आतल्या शिक्क्याजवळ शाईनं लिहिलेला दुसरा आकडा असेल, तो दाखल क्रमांक. दाखल नोंदवहीत प्रत्येक प्रतीची एक ओळ असते: कधी आली, कुणाकडून आली, किंमत काय, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. हरवलेल्या पुस्तकाचा हिशोब त्या शेवटच्या रकान्यात लागतो. ती वही कुठलंही वाचनालय टाकत नाही, कारण अनुदानाच्या तपासणीला तीच दाखवावी लागते. तेव्हा जाताना दाखल क्रमांक लिहून न्या.

पहिलं पान फाडलं तरी पुस्तक कुणाचं हे आम्हाला कळतं. प्रत्येक वाचनालयाचं एक 'गुप्त पान' ठरलेलं असतं, प्रत्येक पुस्तकात त्याच क्रमांकाच्या पानावर एक छोटा शिक्का असतो. आमचं कितवं ते सांगणार नाही.

आणखी एक गंमत बघा. पानांच्या आकड्यांभोवती पेन्सिलीची गोलं, टिंबं, फुल्या आहेत का? त्या वाचकांच्या खुणा. "हे मी वाचलंय" हे पुढच्या वेळी चटकन कळावं म्हणून जुने सभासद आपलं एक पान ठरवून तिथे आपली खूण करायचे. विशेषतः ज्या बायकांचं कार्ड नवऱ्याच्या नावावर असायचं त्या. पुस्तक कुणी बदलून आणलं तरी उघडून खूण बघितली की झालं.

आज्जी_ऑनलाइन (8.30)

अगदी खरं. माझी खूण पान 31 वर बारीक फुली. कार्ड ह्यांच्या नावावर होतं आणि पुस्तकं आणायचे फिरत्या वाचनालयाचे एक गृहस्थ, सायकलच्या हँडलला दोन पिशव्या लावून. निवडायला मी कधी गेलेच नाही. ते पिशवीतून चार काढायचे, त्यातली दोन घ्यायची. दोन्ही वाचलेली निघाली की सबंध आठवडा फुकट. फुलीचा शोध त्यातून लागला.

वाचायची वेळ दुपारी दोन ते साडेतीन. सगळं आवरून, पाय भिंतीला लावून जमिनीवर उताणं पडून. आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही तशीच वाचते, फक्त उठायला कुणीतरी लागतं.

माझ्याकडे राहून गेलेलं पुस्तक 'स्मृतिचित्रे'. दुसऱ्या बाळंतपणात शेजारच्या बाईंनी उशाशी आणून ठेवलं. पुढे त्यांची बदली झाली, मी ओली बाळंतीण, कोण नेऊन देणार? लक्ष्मीबाई टिळकांनी काय काय सोसलंय, आणि सांगताना मात्र आपल्याला हसवतात. मीठ-साखरसुद्धा धुऊन घेणारे त्यांचे सोवळेवाले वडील वाचताना मी इतकी हसले की टाके दुखायला लागले आणि सासूबाई धावत आल्या. मूल रडत होतं ते मला ऐकूच आलं नव्हतं.

घाटवाट (9.05)

म्हणूनच म्हटलंय, परहस्ते गता गता. दुसऱ्याच्या हाती गेली की गेलीच. मी पुस्तक कुणालाच देत नाही. माझ्याकडे गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'ची जुनी प्रत आहे. पाहुणे आले की ते कपाट कुलूपबंद.

आज्जी_ऑनलाइन (9.22)

त्या श्लोकात पुस्तकाबरोबर लेखणी आणि बायकोही आहे बरं का. ज्यानं रचला त्याला बायको पुस्तक उसनं देईल अशी कल्पनाही शिवली नसणार.

घाटवाट (9.40)

आज्जी, शरणागती. पण पुस्तक देणार नाही. वरसईहून निघालेला माणूस दक्षिणा मिळवायला उत्तरेत जातो, 1857 च्या धामधुमीत सापडतो, झाशी पडताना आत असतो, लुटला जातो आणि शेवटी पैशाऐवजी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी येतो. लिहिलं 1883 मध्ये, चिं. वि. वैद्यांनी छापलं 1907 मध्ये. त्याची कावड एवढी जपून आली, मग मी एक पुस्तक जपू नये?

कोथिंबीर_जुडी (10.10)

कबुलीजबाबच चाललेत तर माझाही घ्या. मी वाचनालयाच्या पुस्तकांतलं शुद्धलेखन सुधारते. पेन्सिलीनं, अगदी हलक्या हातानं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की पुढचं वाक्य वाचताच येत नाही. एकदा माझ्या दुरुस्तीखाली दुसऱ्या कुणीतरी "आधीचेच बरोबर आहे" असं लिहिलं होतं. कोश काढून पाहिलं. त्याचंच बरोबर होतं. तेव्हापासून खाडाखोड करायच्या आधी कोश उघडते.

परतीचा_शिक्का (10.18)

म्हणजे ते तुम्ही होय!

(गंमत केली. पण आमच्याकडेही एक आहेत. खोडरबर घेऊन बसायला मला वेळ नसतो आणि खरं सांगायचं तर त्या बहुतेक वेळा बरोबर असतात.)

मांडवीकाठ (11.30)

आमच्या फोंड्याच्या घरात बोलणं कोंकणी, वाचणं मराठी. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय पोर्तुगीज अमदानीतलं, 1832 सालचं. आता पणजीतच पाटो भागात नव्या इमारतीत आहे. शाळेत असताना बाबा महिन्यातून एकदा तिथे न्यायचे, फेरीबोट बघायला मिळायची म्हणून मी जायचे.

माझ्याकडे राहिलेलं पुस्तक म्हणजे 'पाडस', राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. मैत्रिणीचं होतं. जुलै महिना, खिडकीशी ठेवलं आणि झडीनं भिजलं. पानं इस्त्रीनं वाळवायला गेले तर मधला एक फर्मा (पानांचा जुडगा) चिकटून एकजीव झाला. नेऊन द्यायचं तोंड राहिलं नाही. तेव्हा अकरा वर्षांची होते. ज्योडीच्या पाडसाचं शेवटी काय होतं ते चिकटलेल्या पानांच्या पुढे असल्यामुळे मला कळलं. मधलं काय झालं ते कळायला मात्र कॉलेजची लायब्ररी यावी लागली.

माणगंगा, एक व्यवहाराचं सांगते. इतकी वर्षं बंद कपाटात असलेल्या पुस्तकात कसर असणारच. बाकीच्या पुस्तकांत ठेवू नकोस. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेव, मग बाहेर काढून पिशवी न उघडता एक दिवस तशीच राहू दे. उन्हात वाळवू नकोस, पानं तांबडी होऊन तुटतात.

उगाच_आपलं (11.44)

बनगरवाडी फ्रीजरमध्ये. माणदेशातल्या माणसांना प्रथमच थंडी.

सयाजीबाग (दुपारी 1.15)

बडोद्याहून. मी एकही पुस्तक विकत घेत नाही आणि एकही बुडवत नाही. कारण आमचं मध्यवर्ती ग्रंथालय. सयाजीरावांनी 1910 मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकी माणसाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयं उभी केली, पेट्यांतून पुस्तकं खेड्यापाड्यात फिरवली. इथल्या जुन्या कपाटांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, खालच्या मजल्यापर्यंत उजेड झिरपावा म्हणून. लहानपणी मी त्या काचेवर पाय ठेवायला घाबरायचो. आजोबा म्हणायचे, महाराजांनी तुझ्यापेक्षा जड माणसं धरूनच बांधलंय.

गुजराती शाळेत शिकलो, त्यामुळे मराठी वाचायला शिकलो ते तिथल्या मराठी विभागात, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या झुंझार आणि काळापहाडवर. नाकं मुरडा खुशाल. जोडाक्षरं मला त्यांनीच शिकवली.

डॅलसकर (5.50)

नाक कोण मुरडणार! इथे मंडळाची लायब्ररी म्हणजे एका सभासदाच्या गॅरेजमधली तीन कपाटं, आणि त्यातले अर्नाळकर सगळ्यात जास्त फिरलेले आहेत.

भारतातून येताना तेवीस किलोच्या दोन बॅगा. दर वेळी गोडा मसाला आणि पुस्तकं यांच्यात मारामारी होते. यंदा कुळीथ पीठ हरलं. मी आता निम्मं फोनवर वाचते, गाडी चालवताना ऐकतेही, पण शांताबाई शेळक्यांची 'चौघीजणी' कागदावरच लागते. ती आठवीतल्या मैत्रिणीची. तिनं मागितली नाही, मी दिली नाही, आता आम्ही दोघी पन्नाशीला आलो. मागच्या वेळी ती भेटली तेव्हा बॅगेत घालून नेली होती. आणि परत आणली. तिला दाखवलीसुद्धा नाही.

माणगंगा (6 जुलै, रात्री 9.30)

शिक्कासाहेब, तुमचं वाचून पुस्तकातली पानं एकेक करून बघितली. चार खुणा आहेत. एक फुली, एक निळं टिंब, एक इंग्रजी आठासारखं काहीतरी. आणि पान 27 वर आकड्याभोवती पेन्सिलीचं गोल, त्याला खाली छोटा देठ. आंबा किंवा लिंबू काढावं तसं.

आमच्या घरात लोणच्याच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांवर आई असंच चित्र काढते.

आई झोपलीय. उद्या विचारते.

उगाच_आपलं (9.41)

थांबा. एक झुंझारछाप प्रश्न. कॅलेंडरचं कव्हर म्हणालात ना? उलटं करून बघा, कुठल्या सालचं?

माणगंगा (9.50)

जानेवारी 1987.

उगाच_आपलं (9.58)

परतीची तारीख जून 86. कव्हर जानेवारी 87 च्या पानाचं, म्हणजे ते पान फाडायला मोकळं झालं फेब्रुवारीत. विसरून राहिलेल्या पुस्तकाला आठ महिन्यांनी कोण कव्हर घालतं? मास्तरांना पुस्तक घरात आहे हे चांगलं माहीत होतं.

आज्जी_ऑनलाइन (10.15)

आईला विचारताना चहा करून दे आधी.

आठ_चौदाची_लोकल (9 जुलै, सकाळी 8.31)

काय झालं? कल्याणपासून धागा उघडून बसलोय. बसलोय म्हणजे उभाच आहे.

माणगंगा (10 जुलै, रात्री 11.05)

उशीर झाला, माफ करा. आईशी बोलले आणि आज आटपाडीला जाऊनही आले.

आधी वाचनालय. तिथल्या ताईंना दाखल क्रमांक दिला. नोंदवही वरच्या माळ्यावर होती, शिपायानं खाली आणली. ओळ सापडली. शेरा: "सभासदाकडून गहाळ. दुप्पट किंमत रु. 14 वसूल. बाद." खाली 1986 च्या जुलैमधली तारीख आणि पावती नंबर. म्हणजे चोरी नाही, दंड नाही. पुस्तक हरवलं म्हणून बाबांनी पैसे भरले होते.

आता आई. चहा दिला. पान 27 दाखवलं. तिनं चष्मा लावला, बघितलं आणि म्हणाली, "लिंबू आहे ते."

मग म्हणाली, "हरवलं नव्हतं. मीच ज्वारीच्या कणगीत पुरलं होतं."

तिच्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न करते. त्या उन्हाळ्यात बाबांनी ते पुस्तक तीनदा वाचलं. रात्री बारा-बारा वाजेपर्यंत. आणि मग एके दिवशी जेवताना म्हणाले, "मी वाडीवर परत जायला विनंती बदलीचा अर्ज करतोय. तिथल्या पोरांना मास्तर टिकत नाही." मी तेव्हा नुकती पहिलीत गेले होते, आटपाडीत भाड्याचं का होईना पण नळाचं घर मिळालं होतं. आई वाडीवर दोन वर्षं राहिलेली, पाणी कुठून आणायचं ते तिला माहीत होतं. ती काहीच बोलली नाही. रात्री पुस्तक उचललं आणि कणगीत खाली घातलं. "म्हटलं, ह्या पुस्तकानंच डोकं फिरवलंय."

बाबांनी घर धुंडाळलं. महिन्याभरानं जाऊन चौदा रुपये भरून आले. चौदा रुपये भरलेत हे कळल्यावर आई आणखीच घाबरली, आता सांगायचं कसं? कणगीच्या तळाशी हात गेला तेव्हा दिवाळी आली होती. सफाईच्या निमित्तानं तिनं पुस्तक पुसून कपाटात मागच्या रांगेत ठेवून दिलं.

"त्यांना कधी सापडलं?" मी विचारलं.

"काय माहीत. एक दिवस बघते तर त्याला कव्हर घातलेलं. ते काही बोलले नाहीत, मी काही विचारलं नाही. मग मीपण वाचलं."

"आणि?"

"चांगलं आहे. शेवटी दुष्काळानं सगळी वाडी उठून जाते तिथे मला वाईट वाटलं. पण पाण्याचं मी तेव्हाच सांगत होते."

परतीचा_शिक्का (11.20)

ताई, "बाद" शेरा आणि पावती दोन्ही आहेत. प्रत कायद्यानं तुमची. परत नेलीत तर त्या ताईंना ती नव्यानं देणगी म्हणून दाखल करावी लागेल.

वऱ्हाडी_ठेचा (11.32)

कणगीत! वा काकू. पण ज्वारीत राहूनही किडे लागले नाहीत?

माणगंगा (11.40)

आईनं कडुलिंबाचा पाला घातला होता. ज्वारीला. पुस्तक फुकटात वाचलं.

वाचनालयाला माडगूळकरांच्या नव्या आवृत्तीच्या दोन प्रती देऊन आले. जुनी आईकडेच आहे. फ्रीजरमध्ये ठेवते म्हटलं तर म्हणाली, अन्नाच्या जागी कशाला? (कणगी विसरली.)

आज्जी_ऑनलाइन (11 जुलै, सकाळी 8.10)

आणि बदलीचा अर्ज? पुस्तक नव्हतं तरी अर्ज लिहायला काय अडलं होतं?

माणगंगा (8.45)

तेच रात्रभर डोक्यात आहे. आईला विचारलं तर म्हणते तुझ्या बाबांना विचार. वह्यांचं एक पोतं काल उघडलंय, त्यात हजेरीपटच आहेत. दुसरं रविवारी.